लिस्बन ते लंडन, साखळीतून मोजलेलं

माईंना एवढंच ठरवायचं होतं, की यंदाच्या गणेश चवथीला धाकटा थोरलीकडे जाऊ शकेल की नाही. धाकटा लिस्बनला, थोरली इंग्लंडात स्विंडनला. म्हणून कढईतले पोहे परतता परतता त्यांनी स्वयंपाकघरातून आवाज दिला, "लिस्बन आणि लंडन एकमेकांपासून किती लांब गो?"

ओसरीवरून दोन उत्तरं एकदमच गेली.

"पंधराशे पासष्ट किलोमीटर," मास्तर म्हणाले.

"दोन तास चाळीस मिनिटं," भाची म्हणाली.

आणि पोहे तयार होऊन, खाऊन, बशा विसळून झाल्या तरी हा वाद मिटला नाही. मास्तर म्हणजे माईंचे थोरले भाऊ. आयुष्यभर भूगोल शिकवला, आता वय त्र्याहत्तर. भाची माईंची मधली मुलगी, तीन भावंडांतली न गेलेली. गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात तिचं तिकिटांचं छोटंसं दुकान आहे. रविवार म्हणून बंद होतं. बाहेर ऑगस्टचा पाऊस आणि फुगलेली वाळवंटी नदी. माझं काम पाच मिनिटांचं होतं, पण पावसाचं निमित्त करून मी बसून राहिलो. अशी भांडणं फुकटात ऐकायला मिळत नाहीत.

"विचारलं काय? किती लांब. लांबी किलोमीटरमध्ये सांगतात," मास्तर म्हणाले. "किती वेळ लागतो असं तिने विचारलंच नाही."

"मामा, आईला किलोमीटर घेऊन काय करायचेत? माझ्या काउंटरवर आजवर एकही माणूस किलोमीटर विकत घ्यायला आलेला नाही. लोक विचारतात, किती तास, किती पैसे, मध्ये कुठे उतरायचं. बस्स."

"म्हणूनच लोकांना जग कळत नाही. दोन तास चाळीस मिनिटं म्हटलं की मधला सगळा मुलूख पुसला गेला. खिडकी बंद, डोळे मिटलेले, उतरलो लंडनला. थांब."

मास्तर उठले आणि माळ्यावरून पृथ्वीगोल घेऊन आले. तीस सेंटीमीटर व्यासाचा, रंग उडालेला, सोव्हिएत रशिया अजून शाबूत असलेला. देवघरातून फुलांचा दोरा आणला. एक टोक लिस्बनवर, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणला. "आता बघ. लिस्बनहून निघालीस की आधी पोर्तुगाल. मग स्पेनचा वायव्येचा कोपरा. आस्तुरियासच्या किनाऱ्यावर जमीन संपली. मग बिस्केचा उपसागर, सगळं पाणी. मग फ्रान्सचं हे नाक बाहेर आलेलं, ते ब्रिटनी. मग इंग्लिश खाडी. आणि मग इंग्लंड. चार देश, दोन समुद्र. आणि तू म्हणतेस दोन चाळीस!"

दोऱ्यावर त्यांनी नखाने खूण केली आणि पट्टीवर मोजलं. पावणेचार सेंटीमीटरला थोडा कमी. त्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. हिशेब जुळला. मग तोच दोरा त्यांनी भारतावर आणला. एक टोक गोव्यावर, दुसरं दिल्लीवर. खूण जवळजवळ तिथेच आली, केसभर अलीकडे.

"बाय, ऐकलंस काय?" त्यांनी आत हाक दिली. "मोपाहून दिल्ली जेवढी, तेवढंच लिस्बनहून लंडन. शंभर किलोमीटर इकडेतिकडे."

माई पदराला हात पुसत दारात आल्या. "असं सांग ना मग. दिल्लीएवढं."

"आणि मोपा-दिल्ली विमानाला वेळ किती लागतो विचार," भाची म्हणाली. "तोही दोन तास चाळीसच्या आसपास. म्हणजे माझंही बरोबर."

माई दोघांकडे बघून परत आत गेल्या. त्यांचा प्रश्न सुटला होता असं मला वाटलं. तसं नव्हतं, पण ते नंतर कळलं.

दोऱ्याची एक गोष्ट मला आवडली. भिंतीवरच्या सपाट नकाशावर गोवा-लंडनची सरळ रेघ मारली तर ती एका वाटेने जाते, आणि गोलावर दोरा ताणला तर तो पार उत्तरेकडून वळसा घेऊन जातो. सपाट नकाशा बघणाऱ्याला दोरा वाकडा वाटतो. खरी जवळची वाट मात्र दोऱ्याचीच. लिस्बन-लंडन इतकं जवळ आहे, की तिथे हा वळसा दिसतही नाही. मास्तरांनी हे इतक्या वेळा शिकवलंय, की त्या दिवशी सांगायचंही विसरले.

भाचीला मात्र दोऱ्याशीच भांडायचं होतं. "तुझ्या दोऱ्यावरून कोणी उडत नाही. आकाशात रस्ते आखलेले असतात, खुणेचे बिंदू ठरलेले असतात. या बिंदूवरून त्या बिंदूवर. मध्ये लष्कराचा सराव चालू असेल तर वळसा. वादळ असेल तर वळसा. लंडनवर पोचल्यावर खाली जागा नसेल तर एकावर एक थर लावून विमानं गोल गोल फिरवतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोन, आणि जगातली सगळी विमानं तिथेच उतरायला बघणार. लिस्बनला तर वापरात एकच धावपट्टी. तुझे पंधराशे पासष्ट हे कावळ्याचं अंतर. कावळ्याला तिकीट लागत नाही."

"मग तुझे दोन चाळीस तरी खरे कशावरून?"

"ते तरी कुठे खरे आहेत?" भाची म्हणाली, आणि मास्तर चमकले. मीही. "तो उडण्याचा वेळ नाहीच. विमानाच्या चाकांखाली ठोकळे लावलेले असतात ना, ते काढल्यापासून तिकडे परत लावेपर्यंतचा तो वेळ. रांगेत उभं राहणं त्यात, धावपट्टीपर्यंत रखडत जाणं त्यात, उतरल्यावर जागा शोधत फिरणं त्यात. प्रत्यक्ष हवेत सव्वादोन तास असतील. शिवाय कंपन्या वर थोडा वेळ हातचा ठेवतात. उशीर झाला तरी वेळेवर पोचलो म्हणायला बरं."

मास्तरांनी वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला. पंधराशे पासष्ट भागिले दोन तास चाळीस. ताशी पाचशे सत्त्याऐंशी. "आणि विमान वर गेल्यावर आठशेच्या पुढे उडतं. म्हणजे तुझं तिकीट सांगतंय ते विमान रस्त्याने चालल्यासारखं जातंय! खोटा आकडा."

"खोटा नाही, वायदा. अंतर सांगणाऱ्यावर कसली जबाबदारी? पंधराशे पासष्ट म्हटलं की सुटलास. वेळ सांगणारा बांधला जातो. माझ्याकडे माणूस येऊन भांडतो, तुझ्याकडे कोणी येत नाही."

इथे मी मनातल्या मनात भाचीच्या बाजूला गेलो. आपल्याकडे एसटीच्या वेळापत्रकाची चेष्टा करण्यात पिढ्या गेल्या, पण वेळापत्रक लावणारा निदान पकडला जाण्याची तयारी ठेवून असतो.

मास्तरांनी दुसरा डाव टाकला. "बरं, लंडन म्हणजे कुठलं लंडन?"

हा प्रश्न योग्य होता, आणि भाचीने तो लगेच मान्य केला. लंडनच्या नावावर सहा विमानतळ आहेत. हीथ्रो पश्चिमेला, गॅटविक दक्षिणेला, ल्यूटन आणि स्टॅन्स्टेड उत्तरेच्या अंगाला, साऊथएंड पार पूर्वेला समुद्राकाठी, आणि सिटी तेवढा शहरात. थोरली राहते ते स्विंडन लंडनच्या पश्चिमेला, ब्रिस्टलच्या वाटेवर. हीथ्रोला उतरलं तर पुढे शंभर-एक किलोमीटर. पण स्वस्त तिकीट बघून कोणी स्टॅन्स्टेडला उतरला, तर सगळं लंडन वळसा घालून पलीकडे जायचं. उडण्याचा वेळ दोन्हीकडे सारखाच.

"बघ, आले की नाही किलोमीटर परत," मास्तर खूश झाले.

"आले. पण रस्त्याचे आले, दोऱ्याचे नाही. मामा, इथलंच घे. आपल्या घरावरून मोपा आणि दाबोळी, दोन्हीकडे दोरा ताण."

गोलावर हे जमणार नव्हतं. गोवा तिथे मुंगीएवढाही नाही. पण मास्तरांना अक्षांश-रेखांश पाठ. वहीतच मांडलं. साखळीहून मोपाचा विमानतळ सरळ रेघेत पंचवीसच्या आसपास, दाबोळीचा अठ्ठावीसच्या. जवळजवळ बरोबरीचे. आणि तरी साखळीच्या कोणालाही विचारा, दाबोळी म्हणजे पणजी ओलांडायची, जुवारी नदी ओलांडायची, पुलावर अडकायचं. नवा पूल व्हायच्या आधी तर विमान संध्याकाळचं असलं तरी लोक दुपारचं जेवण लवकर उरकून निघत. मोपाचं पहिलं प्रवासी विमान ५ जानेवारी २०२३ ला आलं, त्याच सुमाराला जुवारीचा नवा पूलही निम्मा खुला झाला, आणि डिचोली-पेडण्याच्या माणसाचं जग एकदम जवळ आलं. जमीन इंचभरही हलली नव्हती.

(जाता जाता: विमानतळ कुठे हवा यावर वर्षानुवर्षं भांडण्यात आम्ही एकटे नाही. लिस्बनने दुसऱ्या विमानतळाची चर्चा १९६९ पासून चालवली आणि जागा ठरली मे २०२४ मध्ये, तेजो नदीच्या पलीकडे आल्कोशेतला. त्याला नाव द्यायचं ठरलंय ते लुईश द कामोंइश या कवीचं, जो स्वतः काही वर्षं गोव्यात राहून गेला. दाबोळी-मोपावाल्यांनी हे वाचून समाधान मानायला हरकत नाही.)

"घड्याळाचं काय करशील?" मास्तर पुन्हा उसळले. "वेळ म्हणतेस, तो कुणाचा वेळ? लिस्बनहून माद्रिद पाचशे किलोमीटर. विमान सकाळी दहाला सुटलं तर घड्याळात पोचतं बारा वीसला. परत येताना एकला सुटलं तर एक वीसला पोचतं. जाताना दोन तास वीस, येताना वीस मिनिटं. हा तुझा वेळ!"

"ते स्पेनच्या घड्याळामुळे. एक तास पुढे आहे. तिकीट काढणाऱ्याला आम्ही समजावून सांगतो."

"पुढे का आहे ते सांगतेस का? माद्रिद आहे लंडनच्याही थोडं पश्चिमेला. सूर्याला विचारलं तर त्याचं घड्याळ लंडनसारखं हवं. १९४० मध्ये फ्रँकोने ते जर्मनीच्या वेळेला नेऊन बांधलं, ते आजतागायत तसंच. पोर्तुगालनेही १९९२ ला हा उद्योग करून पाहिला. मध्य युरोपची वेळ घेतली. हिवाळ्यात पोरं काळोखात शाळेला जाऊ लागली, उन्हाळ्यात रात्र झाली तरी सूर्य मावळेना. चार वर्षांत, १९९६ ला, मुकाट्याने लंडनच्या वेळेवर परत आले. म्हणजे बघ, ती चार वर्षं लिस्बन-लंडन विमान जाताना तासाभराने लवकर पोचत होतं. कागदावर. अंतर मात्र पंधराशे पासष्टच."

"म्हणजे आता दोघांची घड्याळं एकच?" माईंनी आतून विचारलं.

"एकच," दोघं एकदम म्हणाले. दुपारभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. माई काही बोलल्या नाहीत. पण डब्याचं झाकण लावल्याचा आवाज थांबला, तो जरा वेळ थांबूनच राहिला.

मास्तर आता रंगात आले होते. लिस्बन ते लंडन हा रस्ता आपल्याला परका समजू नका, असं त्यांनी मला उद्देशून सुरू केलं. १६६१ च्या करारात पोर्तुगालने आपली राजकन्या कातारीना इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि आंदणात मुंबई दिली. कातारीना एप्रिल १६६२ मध्ये लिस्बनहून जहाजाने निघाली आणि पोर्ट्समथला उतरली मे महिन्यात. मुंबई प्रत्यक्ष ताब्यात द्यायला १६६५ उजाडलं, कारण इथले पोर्तुगीज बेट सोडायला तयार नव्हते. आणि १६६८ ला राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. "वधू काही आठवड्यांत पोचली, आंदण पोचायला तीन-साडेतीन वर्षं लागली. अंतर कापायला वेळ लागत नाही. कागद फिरायला लागतो."

"हे तू माझ्या बाजूने बोलतोयस, मामा."

"आणि दुसऱ्या महायुद्धात," मास्तरांनी ऐकलंच नाही, "पोर्तुगाल तटस्थ. लिस्बनहून इंग्लंडला प्रवासी विमान चालू होतं, ब्रिस्टलजवळ उतरायचं. आपल्या स्विंडनपासून ब्रिस्टल काही फार लांब नाही. १ जून १९४३ ला त्यातलं एक विमान बिस्केच्या उपसागरावर जर्मनांनी पाडलं. लेस्ली हॉवर्ड नावाचा मोठा नट होता त्यात. सतरा माणसं…"

"दादा!" माई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "पोर त्याच वाटेने जायचाय. तोंडाला कुलूप घाल."

मास्तर गप्प झाले. भाची हसू दाबत उठली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली.

चहानंतर बोलणं आपल्या आकाशावर आलं, आणि मला वाटतं, त्या दुपारची सगळ्यात दाणेदार गोष्ट तिथे निघाली. भाची सांगत होती की एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना खालून वळसा घ्यावा लागला; काही लांबच्या उड्डाणांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. तिकिटांचे तास बदलले, पुढची विमानं चुकली. दुकानातला फोन आठवडाभर थांबला नाही. "तुझा दोरा तोच होता, मामा. लोक विमानतळांवर झोपत होते."

मास्तर बराच वेळ गोल फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्या लहानपणी उलटं होतं."

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी बांधला, १९५५ मध्ये सुरू झाला. त्याच सुमाराला भारताने गोव्याची नाकेबंदी केली. पोर्तुगीज हिंदची स्वतःची विमान कंपनी निघाली, आणि तिची विमानं भारताच्या आकाशाला न शिवता समुद्रावरून जात. दमण, दीव, आणि कराची. गोव्याच्या माणसाचं जगाकडे उघडणारं दार तेव्हा कराचीला होतं. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. त्याच रात्री उरलेल्या धावपट्टीवरून दोन विमानं काळोखात उठली आणि सुटली. कुठे गेली? कराचीला. "मी आठ वर्षांचा. दोडामार्गाकडून सैन्य आलं एवढं मला कळलं, बाकी हे सगळं नंतर वाचलेलं. पण तेव्हा भारताचं आकाश आम्हाला बंद आणि पाकिस्तानचं उघडं. आता पाकिस्तानचं बंद. गोवा मात्र इथेच, पंधरा अक्षांशावर."

"इथेच कसा राहील?" भाची म्हणाली. "त्या वेळी इथून पाऊणशे किलोमीटरवरचं बेळगाव तुम्हाला लांब होतं आणि साडेआठ हजारांवरचं लिस्बन सरकारी कामासाठी जवळ. मोजायचं कशाने ते तूच सांग."

साडेआठ नव्हे, आठ हजार तीनशे, असं मास्तरांनी सुधारलं. त्यांना राहवणं शक्यच नव्हतं.

आणि मग पासपोर्टावर गाडी आली, जी गोव्यात उशिरा का होईना, प्रत्येक गप्पांत येतेच. माईंच्या नवऱ्याचा जन्म १९६१ च्या १९ डिसेंबरच्या आधीचा. पोर्तुगिजांच्या हद्दीत त्या दिवसापूर्वी जन्मलेल्यांची नोंद लिस्बनच्या दप्तरात करून घेता येते, आणि मग त्यांच्या मुलानातवंडांना तिथलं नागरिकत्व मिळू शकतं. साखळी, डिचोली, पेडणे म्हणजे नव्या काबिजादी, पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेला मुलूख. तिसवाडी १५१० ला गेली, इथे पोर्तुगीज आले ते १७८१ नंतर, पेडण्यात १७८८ ला. आमच्याकडे त्यांची भाषा घरात शिरली नाही, देव हलवावे लागले नाहीत. पण लिस्बनचं दप्तर जुनी काबिजाद आणि नवी काबिजाद असा फरक करत नाही. इथूनही पोरं निघाली. पोर्तुगीज कागद घेऊन बहुतेक जण पोर्तुगालात थांबलेच नाहीत. युरोपीय संघाचा नागरिक म्हणून सरळ इंग्लंडला गेले. स्विंडन, साऊथहॉल, लेस्टर. थोरली तशीच २०१६ ला गेली. तिच्यासाठी लिस्बन म्हणजे एक शिक्का.

"तिच्या वेळी लिस्बन-लंडन खरंच दोन चाळीस होतं," भाची म्हणाली. "उतरायचं, युरोपवाल्यांच्या रांगेत उभं राहायचं, बाहेर. सोमवारी कामावर. मग ३१ जानेवारी २०२० ला इंग्लंड संघातून बाहेर पडलं. वर्षअखेरपर्यंत जुनं चालू राहिलं. आधीपासून तिथे राहणाऱ्यांना अर्ज करायची मुदत ३० जून २०२१. थोरलीने केला, तिला कायमचं राहता आलं. धाकट्याचे कागद आले २०२२ मध्ये. तोच बाप, तीच नोंद, तोच तांबडा पासपोर्ट. पण त्याला इंग्लंडात काम करायचं तर आता व्हिसा. म्हणून तो लिस्बनला राहिला, हॉटेलच्या स्वयंपाकघरात. बहिणीकडे पाहुणा म्हणून जाऊ शकतो, पण एप्रिल २०२५ पासून त्यालाही आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आणि आई? भारतीय पासपोर्ट. तिला लिस्बनला जायला शेंगेनचा व्हिसा, लंडनला जायला इंग्लंडचा वेगळा. दोन अर्ज, दोन वेळा बोटांचे ठसे, दोन्हीकडे बँकेचे कागद. मामा, तुझा पावणेचार सेंटीमीटरचा दोरा थोरलीला वेगळा, धाकट्याला वेगळा आणि आईला वेगळा लागतो. एका घरातली तीन माणसं."

मला वाटलं, मास्तर आता हरले. त्यांच्या चेहऱ्यावरही तसंच होतं. पण त्यांनी जे उत्तर दिलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

"म्हणूनच मी किलोमीटर सांगतो," ते म्हणाले. "तू म्हणतेस तो वेळ माणूस बघून बदलतो. हे मला माहीत आहे गो. माझा जन्मदाखला अजून पेटीत आहे, पोर्तुगीज भाषेतला, शिक्क्याचा. पण वर्गात पोरांना मी काय सांगायचं? की लिस्बन-लंडन हे अंतर तुझ्या बापाचा जन्म कधीचा त्यावर अवलंबून आहे? पंधराशे पासष्ट सांगितलं की ते राण्यांच्या पोराला जेवढं, तेवढंच गावड्याच्या पोराला. एक तरी गोष्ट अशी नको, जी कोणाचे कागद बघत नाही?"

भाची लगेच बोलली नाही. मग तिने दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "तू कधी विमानात बसलाच नाहीस, मामा. म्हणून तुला अंतर एवढं स्थिर वाटतं."

हे खरं होतं. जगाचे किनारे पाठ असलेले मास्तर कोल्हापूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. विमानाची भीती वाटते, हे ते कबूलही करतात.

"आणि तू?" मास्तर म्हणाले. "तुझा बापही तोच. गावाला तिकिटं काढून दिलीस. स्वतःचं काढलंस?"

"माझं दुकान होतं," भाची म्हणाली. "आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं की इथलं जातं. दोन्ही ठेवता येत नाहीत." एवढं बोलून ती बशा गोळा करायला लागली, ज्या आधीच विसळून झाल्या होत्या.

पाऊस थांबला होता. माई आपला फोन घेऊन बाहेर आल्या आणि पोरांना लावायला सांगितलं. आधी लिस्बन लागलं, मग स्विंडन जोडलं गेलं. पडद्यावर दोन चौकटी, धाकटा कामाच्या ॲप्रनमध्ये, थोरलीच्या मागे ओली खिडकी. भाचीने धाकट्याला विचारलं, हीथ्रोचं बघतोस की स्टॅन्स्टेडचं? स्टॅन्स्टेडचं स्वस्त होतं म्हणे. मास्तर फोनकडे वाकून ओरडले, "अरे, ते लंडनच्या पलीकडे! हीथ्रोला उतर!" भाचीने मान हलवली. तिचंही तेच मत होतं.

"परवानगी आली?" तिने विचारलं. आली होती. सुट्टी मिळाली होती. शुक्रवारी निघून मंगळवारी परत.

"चवथ सोमवारी, चौदा तारखेला," माई म्हणाल्या. "आरती इथे साडेबाराला. तिकडे किती वाजलेले असतील?"

"सकाळचे आठ," थोरली म्हणाली.

"तुझे आठ?"

"माझे पण आठच, आई," धाकटा म्हणाला.

माईंनी मास्तरांकडे पाहिलं, पडताळून घ्यावं तसं. मास्तरांनी होकार दिला. "मग आठला तयार राहा दोघं," त्या फोनला म्हणाल्या. "आंघोळ करून. आणि दोन फोन नकोत. तो तिथे येणारच आहे तर एकाच फोनवर बसा, मला एका चौकटीत दिसायला पाहिजेत. हे असं मान इकडे-तिकडे करून दुखते."

फोन ठेवून त्या आत गेल्या. दोरा गोलावरच राहिला होता, एक टोक सुटून आफ्रिकेवर लोंबत. माईंनी आतूनच आठवण केली, की उद्या सोमवारचा बाजार आहे, तो दोरा फुलांचा आहे, तो गुंडाळून देवघरात परत ठेवा.